नावाची कानटोपी: घरच्यांसाठी विणताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टोपी विणायची आणि तिच्यावर ज्याची त्याचं नाव घालायचं, त्यासाठीची खालची सगळी मापं एकाच हिशेबावर आहेत: आठ नंबरच्या सुईवर सुलट विणीत १० सें.मी. रुंदीत २२ टाके आणि १० सें.मी. उंचीत ३० ओळी. तुमचा हात घट्ट किंवा सैल असेल तर आकडे बदलतील. ते कसे बदलायचे तेही पुढे आहे.

मराठवाड्यात लोकरीची टोपी लागतेच का? किती जाड विणायची?

लागते. परभणीत काही वर्षी पारा पाच अंशांच्याही खाली उतरतो. गहू-हरभऱ्याला रात्री पाणी द्यायला जाणाऱ्याला विचारा, आधी कान आणि मान गारठते. पण आपली थंडी कोरडी, आणि दुपारी ऊन चांगलंच तापतं. हिमाचलात घालतात तशी जाड, दुहेरी टोपी इथे सकाळी नऊनंतर डोक्यावर राहत नाही आणि मग ती कपाटातच जाते. मध्यम जाडीची एकेरी टोपी विणा. कानावर मात्र बॉर्डर, म्हणजे टोपीचा खालचा काठ, दुमडून दोन पदर करा.

लोकर कोणती घ्यावी?

रोजच्या वापराला ॲक्रिलिक हा कृत्रिम धागा स्वस्त पडतो, धुवायला सोपा जातो आणि त्याला कसर लागत नाही. वर्धमान, ओसवाल अशा नावांनी दुकानात मिळणाऱ्या बऱ्याच गुंड्या (धाग्याचे गोळे) ॲक्रिलिकच्या असतात. वेष्टणावर काय लिहिलंय ते वाचून घ्या. ॲक्रिलिकचा एक धोका ध्यानात ठेवा: आगीजवळ ते वितळतं आणि कातडीला चिकटतं. ज्याची सकाळ शेकोटीपाशी जाते किंवा जो चुलीपुढे बसतो, त्याच्यासाठी शुद्ध लोकर किंवा लोकरीचं प्रमाण जास्त असलेली मिश्र लोकर घ्या. शुद्ध लोकर सहज पेट घेत नाही.

सुती धागा अंगाला छान वाटतो, पण त्याला ताण नसतो. चार दिवसांत टोपी सैल होऊन भुवयांवर येते. सुती घ्यायचाच असेल तर एक नंबर बारीक सुई वापरा आणि आठ टाके कमी घाला.

सगळ्या गुंड्या एकाच लॉट नंबरच्या घ्या. दुकानातल्या दिव्याखाली सारखा दिसणारा रंग उन्हात वेगळा निघतो आणि टोपीवर सरळ पट्टा दिसतो.

धनगरांच्या घोंगडीची लोकर चालेल का?

टोपीला नाही. दख्खनी मेंढीची लोकर राठ असते. घोंगडीला ती उत्तम, पण कपाळाला आणि कानाला टोचते. हौसच असेल तर त्या लोकरीचा गोंडा करा.

सुया कोणत्या? नंबरांचा घोळ होतो.

आपल्याकडे जुनी पद्धत चालते, तिच्यात नंबर वाढला की सुई बारीक होते. ८ नंबर म्हणजे ४ मि.मी., १० नंबर म्हणजे सव्वातीन मि.मी., १२ नंबर म्हणजे पावणेतीन मि.मी. ऑनलाइन मागवताना मि.मी. बघूनच मागवा.

एका टोपीला लागेल ते असं: बॉर्डरला १० नंबर आणि बाकीच्या अंगाला ८ नंबर, दोन्ही ४० सें.मी. लांबीच्या केबलच्या गोल सुया. शेंड्याला ८ नंबरच्या, दोन्हीकडे टोक असलेल्या पाच मोज्याच्या सुया. शिवाय बोथट टोकाची लोकर ओवायची सुई, मापाची टेप आणि खुणेला वेगळ्या रंगाच्या दोऱ्याची कडी.

लोकर किती लागते?

मोठ्या माणसाच्या टोपीला ६० ते ८० ग्रॅम, पाच वर्षांच्या लेकराला ४०-५० ग्रॅम. गोंड्याला वेगळी १०-१५ ग्रॅम धरा. नावाला दोन-तीन मीटर पुरते, म्हणून नावासाठी नवी गुंडी आणू नका. उरलेली लोकर वापरा, फक्त जाडी सारखी असू द्या.

डोक्याचं माप कसं घ्यायचं? टोपी गुपचूप द्यायची असेल तर?

टेप भुवयांच्या वर, कानांच्या किंचित वरून आणि मागे डोक्याचा सर्वांत फुगीर भाग घेऊन फिरवा. येईल त्यातून ५ सें.मी. वजा करा. वीण ताणली जाते, त्यामुळे टोपी डोक्यापेक्षा लहानच हवी. डोक्याएवढी विणलेली टोपी वाकलं की पडते.

गुपचूप मापाला हेल्मेट कामाला येतं. बऱ्याच हेल्मेटच्या आतल्या चिठ्ठीवर ५८०, ६०० असा मि.मी.चा आकडा असतो. ५८० म्हणजे ५८ सें.मी.चं डोकं. हेल्मेट नसेल तर बायकांना साधारण ५५ आणि पुरुषांना ५७ धरा.

आधी नमुन्याची पट्टी विणलीच पाहिजे का?

हो. ३४ टाके घालून १५ सें.मी. उंच पट्टी विणा, धुवा, वाळवा आणि मधले १० सें.मी. मोजा. २२ ऐवजी २४ टाके भरले तर ११२ टाक्यांची टोपी ५१ ऐवजी साडेसेहेचाळीस सें.मी.ची होईल, म्हणजे दादाची टोपी त्याच्या लेकराला जाईल. अशा वेळी सात नंबरची सुई घ्या किंवा टाके नव्याने काढा: टोपीचा घेर सें.मी.मध्ये × टाके ÷ १०. आलेला आकडा आठने भाग जाईल असा जवळचा करा, कारण शेंडा आठ भागांत आवळायचा, म्हणजे टाके कमी करत बंद करायचा असतो.

मोठ्या माणसाच्या साध्या टोपीची पूर्ण कृती सांगा.

डोकं ५६ सें.मी., टोपीचा घेर ५१ सें.मी., टाके ११२.

१० नंबरच्या गोल सुईवर ११२ टाके घाला. टाके घालताना दोन सुया एकत्र धरा, म्हणजे काठ सैल राहील. घट्ट काठ कपाळावर लाल वळ उठवतो. टाके सुईवर पीळ न पडता एका दिशेला आहेत हे बघून फेरी जोडा आणि जोडाशी खुणेची कडी घाला. दोन सुलट, दोन उलट अशी बॉर्डर ५ सें.मी. विणा. दुमडायची असेल तर १० सें.मी. विणा. मग ८ नंबरची सुई घेऊन सगळे सुलट विणत जा. काठापासून उंची १५ सें.मी. झाली की थांबा. दुमडायच्या टोपीत ही उंची २० सें.मी. धरा.

आता शेंडा. पहिली फेरी: १२ सुलट, २ एकत्र, असं आठ वेळा, १०४ टाके राहतील. पुढची फेरी साधी सुलट. मग ११ सुलट, २ एकत्र, ९६. पुन्हा साधी. असं एक फेरी आवळत, एक साधी विणत ५६ टाक्यांपर्यंत या आणि त्यानंतरची साधी फेरीही विणा. इथून प्रत्येक फेरीत आवळा: ४८, ४०, ३२, २४, १६, ८. टाके गोल सुईवर पुरेनासे झाले की मोज्याच्या सुयांवर घ्या. शेवटच्या आठ टाक्यांतून धागा दोनदा ओवून ओढा आणि आत नेऊन पक्का करा. शेंड्याला वीस फेऱ्या होतात, म्हणजे पावणेसात सें.मी. बॉर्डर न दुमडलेल्या टोपीची एकूण उंची साडेएकवीस सें.मी.च्या आसपास येते.

गोल सुई मिळाली नाही. दोन सरळ सुयांवर होईल?

होईल. शिवणीसाठी दोन टाके जास्त घाला, म्हणजे ११४. सुलट बाजूला सुलट आणि उलट बाजूला उलट विणा, आवळणी फक्त सुलट बाजूच्या ओळींत करा. ५६ टाक्यांनंतरच्या शेवटच्या सहा ओळींत मात्र दोन्ही बाजूंनी आवळावं लागतं. उलट बाजूला दोन टाके एकत्र उलट विणा. शिवण मागे येऊ द्या, कानावर नको.

लेकरांसाठी आणि इतर मापांसाठी किती टाके?

नवजात बाळ, डोकं ३५ सें.मी.: ७२ टाके, शेंड्याआधी सरळ उंची ९ सें.मी.
एक वर्ष, ४६ सें.मी.: ८८ टाके, ११ सें.मी.
पाच वर्षं, ५० सें.मी.: ९६ टाके, साडेबारा सें.मी.
दहा वर्षं, ५२-५३ सें.मी.: १०४ टाके, १४ सें.मी.
मोठं डोकं, ६० सें.मी.: १२० टाके, १६ सें.मी.

शेंडा त्याच रीतीने: एकाआड एक आवळत निम्म्याच्या आसपास या, मग प्रत्येक फेरीत. लेकरांची डोकी वेगवेगळी असतात. वय बघून विणण्यापेक्षा आईला फोन करून माप मागवलेलं बरं.

नाव देवनागरीत कसं घालायचं? चौकटीच्या वहीवर काढलेलं अक्षर विणल्यावर बसकं दिसतं.

कारण टाका चौरस नसतो. २२ टाके आणि ३० ओळी म्हणजे टाका रुंद आणि बुटका. चौकटीच्या वहीत ७ बाय ७ चं अक्षर विणलं की जवळजवळ सव्वातीन सें.मी. रुंद आणि सव्वादोन सें.मी. उंच होतं. वहीवर अक्षर मुद्दाम उभट काढा: ५ चौकटी रुंद असेल तर ७ चौकटी उंच.

देवनागरीला आणखी जागा लागते. अक्षराचा देह ६ ओळी, शिरोरेषा १, वेलांटी किंवा मात्रेला वर २-३ आणि उकाराला खाली २. दोन्ही असतील तर ११-१२ ओळी, म्हणजे चार सें.मी. बॉर्डर आणि शेंड्याच्या मधला सरळ भाग साधारण दहा सें.मी. असतो, त्यात हे आरामात बसतं. मात्र आवळणीच्या फेऱ्यांत अक्षर घुसू देऊ नका, ते वाकडं होतं.

टोपी काठापासून वर विणली जाते. त्यामुळे आधी उकार येतो, मग देह, मग शिरोरेषा आणि शेवटी वेलांटी-मात्रा. गोल विणताना आलेखाची, म्हणजे वहीवर चौकटींत काढलेल्या अक्षरांची, प्रत्येक ओळ उजवीकडून डावीकडे वाचायची. डावीकडून वाचलात तर नाव आरशातलं निघेल. सरळ सुयांवर सुलट बाजूची ओळ उजवीकडून आणि उलट बाजूची डावीकडून.

एखादा तयार आलेख द्या.

‘मामा’ घ्या. वेलांटी नाही, उकार नाही, सुरुवातीला सोपा. १५ टाके, ७ फेऱ्या. ‘र’ म्हणजे नावाचा रंग, ‘टो’ म्हणजे टोपीचा रंग. ओळी खालून वर, टाके उजवीकडून डावीकडे:

१ली: १र, १टो, १र, ५टो, १र, १टो, १र, ४टो
२री: १र, १टो, १र, २टो, २र, १टो, १र, १टो, १र, २टो, २र
३री: १र, १टो, ५र, १टो, १र, १टो, ५र
४थी, ५वी, ६वी: १र, १टो, १र, २टो, १र, २टो, १र, १टो, १र, २टो, १र, १टो
७वी: १५र

रुंदी पावणेसात सें.मी., उंची सव्वादोन सें.मी. प्रत्येक ओळीची बेरीज १५ येते. स्वतःचा आलेख काढाल तेव्हाही प्रत्येक ओळीची बेरीज करून बघा, निम्म्या चुका विणण्याआधीच सापडतात.

नाव विणतानाच घालावं की नंतर वरून भरावं?

एकदाच, समोर नाव हवं असेल तर वरूनच भरा. गोल विणताना ओळ संपते तेव्हा रंगीत धागा नावाच्या डाव्या टोकाला असतो आणि पुढच्या फेरीत तो उजव्या टोकाला हवा असतो. मध्ये उरलेले ९७ टाके. तेवढा धागा आतून ओढत नेला तर टोपी ताणलीच जाणार नाही.

वरून भरताना तयार वीण नीट बघा: प्रत्येक सुलट टाका मोदकाच्या कळीसारखा खाली निमुळता दिसतो. सुई त्याच्या खालच्या टोकातून वर काढा, वरच्या टाक्याच्या दोन्ही पायांमागून आडवी न्या आणि पुन्हा त्याच खालच्या टोकात घाला. जुना टाका नव्या रंगाने झाकला जातो. धागा ओढू नका, खालच्या टाक्याएवढाच सैल ठेवा. ‘मामा’ला ५७ टाके भरावे लागतात आणि धागा दीड मीटरच्या आसपास जातो. तो दोन तुकड्यांत घ्या, लांब धागा सारखा ओढला गेला की पिंजारतो. आजी-आजोबांचं नाव बदलत नाही, पण लेकराची टोपी पुढे धाकट्याला जायची असते. वरून भरलेलं नाव उसवून दुसरं घालता येतं, हा मोठा फायदा.

नाव टोपीभर फिरवायचं असेल तर विणतानाच घाला. ११२ टाक्यांत ‘मामा’ चार वेळा बसतो, मध्ये १३-१३ टाके मोकळे. त्या जागेत छोटं फूल किंवा ठिपके टाका. आतला मोकळा धागा दर चार-पाच टाक्यांनी दुसऱ्या धाग्यात अडकवत चला. शिरोरेषेच्या फेरीत टोपीचा रंग सलग १५ टाके मागून जातो, तिथे तीन वेळा अडकवा. लोंबत राहिला तर कानातली बाळी किंवा कुडी त्यात अडकते.

जोडाक्षराचं नाव असेल तर?

‘ज्ञानेश्वरी’, ‘प्रज्ञा’ ही नावं बारा ओळींत वाचता येतील अशी बसत नाहीत. घरातलं हाकेचं नाव घाला किंवा पहिलं अक्षर मोठं, १४-१५ ओळींचं भरा. ‘माऊ’, ‘ताई’, ‘आबा’ ही हाक अंगावर घालायला जास्त आवडते, असा अनुभव आहे.

दुमडलेल्या बॉर्डरवर नाव उलटं आलं. काय चुकलं?

दुमडल्यावर आतली बाजू बाहेर येते आणि वरचं खाली जातं. शिवाय दोन सुलट, दोन उलट विणीत अक्षरं तुटतात. तिथे नाव हवंच असेल तर बॉर्डर दुमडून, टोपी घालून बघून, कापडाच्या पट्टीवर भरलेलं नाव वरून टाचा.

नाव नको, पण माणसाचीच वाटावी अशी नक्षी सुचवा.

पैठणीचा नारळी काठ लोकरीत सुरेख उतरतो, कारण तो मुळातच त्रिकोणांचा. आठ टाक्यांचा एक त्रिकोण, ११२ टाक्यांत १४ त्रिकोण. पहिली फेरी: ७ रंगीत, १ टोपीचा. दुसरी: १ टोपीचा, ५ रंगीत, २ टोपीचे. तिसरी: २ टोपीचे, ३ रंगीत, ३ टोपीचे. चौथी: ३ टोपीचे, १ रंगीत, ४ टोपीचे. आईच्या आवडत्या पैठणीच्या काठाचे दोन रंग घेतले तर नाव लिहायची गरजच उरत नाही. मोर मात्र टाळा. त्याला ३०-३५ ओळी लागतात आणि टोपीत तेवढी जागा नसते.

रात्री पाणी द्यायला जाणाऱ्यासाठी कान-मान झाकणारी माकडटोपी कशी करायची?

१० नंबरवर ११२ टाके, दोन सुलट दोन उलट, १६ सें.मी. हा भाग मानेचा. मग समोरचे ४० टाके बंद करा आणि राहिलेले ७२ टाके ८ नंबरवर जात-येत १४ सें.मी. विणा. पुढच्या सुलट ओळीच्या शेवटी ४० टाके नव्याने घाला, फेरी जोडा, ४ सें.मी. सुलट विणा आणि वरच्यासारखा शेंडा आवळा. चेहऱ्याच्या खिडकीभोवती टाके उचला: वर ४०, खाली ४०, बाजूंना दर चार ओळींना तीन, म्हणजे प्रत्येकी ३१ च्या आसपास. एकूण १४० किंवा १४४ करून १० नंबरवर पाच फेऱ्या बॉर्डर घाला आणि सैल हाताने बंद करा. लोकर १२० ग्रॅमपर्यंत लागते. रंग पिवळा, भगवा असा उठावदार घ्या. अंधारात बॅटरीच्या उजेडात माणूस दिसतो.

हेल्मेटखाली घालायची टोपी?

नका विणू. हेल्मेट डोक्याला घट्ट बसलं तरच कामाचं, आणि मध्ये लोकर आली की ते हलतं. त्या माणसाला गळपट्टा द्या.

अंबाडा घालणाऱ्या किंवा डोक्यावर पदर घेणाऱ्या बाईसाठी?

अंबाड्याला शेंडा पूर्ण बंद करू नका. ४० टाक्यांवर थांबा, १० नंबरवर तीन फेऱ्या बॉर्डर घालून सैल बंद करा. केस त्यातून बाहेर येतात. पदराखालच्या टोपीला गोंडा नको आणि लोकर बारीक, नाहीतर पदर घसरतो.

बाळाच्या टोपड्याला काय जपायचं?

मणी, बटणं, गळ्याशी बांधायचे लांब बंद काही नको. बाळ ते तोंडात घालतं किंवा बंद गळ्याला आवळतो. आतून धागे मोकळे राहू देऊ नका. घरात झोपलेल्या बाळाच्या डोक्यावर लोकरीची टोपी ठेवू नये. बाळाची उष्णता डोक्यावाटे बाहेर जाते आणि टोपीने ते जास्त तापतं. टोपडं बाहेर नेताना घालायचं.

टोपीला पीळ पडला आहे, सरळच होत नाही.

फेरी जोडताना टाके सुईभोवती फिरले. एक-दोन फेऱ्यांत लक्षात आलं तर जोडापाशी पीळ सोडवता येतो, पुढे उसवण्यावाचून इलाज नाही. पहिल्या दोन ओळी सरळ विणून मग जोडा, पीळ लगेच दिसतो. राहिलेली फट काठाच्या धाग्याने शिवून टाका.

शेंडा टोकदार झाला. कधी चुण्या पडतात.

टोकदार झाला तर शेवटी साध्या फेऱ्या जास्त झाल्या. चुण्या पडल्या तर आवळणी फार भराभर झाली. दोन्ही वेळा ५६ टाक्यांपर्यंत उसवून पुन्हा विणा.

बोअरच्या पाण्याने धुतल्यावर टोपी कडक होते.

आपल्याकडे बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड असतं. त्यात साबणाचा चिकट थर लोकरीवर बसतो. साबणाच्या वडीऐवजी द्रव डिटर्जंट घ्या, पाणी कोमट किंवा गार ठेवा आणि शेवटच्या बादलीत दोन चमचे पांढरं व्हिनेगर घाला. पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि सावलीत आडवी वाळवा. दोरीवर टांगलेली ओली टोपी लांबते. लाल किंवा मरून नाव पांढऱ्या टोपीवर भरायचं असेल तर आधी तो धागा ओल्या पांढऱ्या फडक्यात तासभर दाबून ठेवा. फडक्याला रंग लागला तर दुसरी लोकर बघा.

ॲक्रिलिकवर गरम इस्त्री फिरवू नका, वीण कायमची मेल्यासारखी सपाट होते. शुद्ध लोकरीची टोपी होळीनंतर धुऊन, पूर्ण वाळवून, कडुलिंबाच्या सुक्या पानांबरोबर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. मळलेल्या लोकरीला कसर आधी लागते, म्हणून न धुता ठेवू नका. त्याच लोकरीचा दोन मीटर धागाही डब्यात टाका, पुढच्या वर्षी टाका सुटला तर रंग शोधत फिरावं लागणार नाही.